जुन्नर आणि आंबेगाव परिसरातील जास्वंद लागवड

जास्वंद (शास्त्रीय नाव: हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस) हे माल्व्हेसी म्हणजेच भेंडी कुळातील सदाहरित, फुलझाड प्रकारचे झुडूप आहे. महाराष्ट्रातील परसबागा, मंदिरांची आवारे आणि शाळांची उद्याने यांत ते सर्वत्र आढळते. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत या झुडपाला विशेष स्थान आहे. अष्टविनायकांपैकी लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नेश्वर ही दोन क्षेत्रे जुन्नर तालुक्यात आहेत आणि गणपतीच्या पूजेत तांबड्या जास्वंदीला मान आहे. त्याच वेळी हा परिसर द्राक्षे, टोमॅटो आणि ऊस या पिकांचा आहे. जास्वंदीवर वाढणाऱ्या काही किडी द्राक्ष व टोमॅटो यांच्याही शत्रू असल्याने येथे घरच्या बागेतील झुडपाची निगा शेजारच्या शेताशी जोडलेली असते. घाटमाथ्यावरील अतिवृष्टी आणि पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्टा यांमुळे लागवडीची पद्धतही एकाच तालुक्यात ठिकाणागणिक बदलते.

नाव

संस्कृतमध्ये या फुलाला ‘जपा’ किंवा ‘जपापुष्प’ म्हणतात. मराठीत जास्वंद, जास्वंदी आणि जासवंद अशी रूपे रूढ आहेत. हिंदीत गुडहल, गुजरातीत जासूद, बंगालीत जबा, तर कन्नडमध्ये दासवाळ ही नावे आहेत. कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात या वनस्पतीला सध्याचे द्विनाम दिले. ‘रोझा-सायनेन्सिस’ याचा अर्थ ‘चिनी गुलाब’ असा होतो. प्रत्यक्षात गुलाबाशी तिचे जवळचे नाते नाही. भेंडी, अंबाडी आणि कापूस ही तिची कुळबंधू पिके होत.

वर्णन

जास्वंदीचे झुडूप साधारणपणे २ ते ४ मीटर उंच वाढते. पाने साधी, एकाआड एक, अंडाकृती, चकचकीत हिरवी व कडांना दातेरी असतात. फुले पानांच्या बगलेत एकएकटी येतात. साध्या फुलात पाच पाकळ्या असतात. संदलाच्या खाली हिरव्या छदांचे आणखी एक मंडल असते, त्यास अपिसंदल म्हणतात. पुंकेसरांचे तंतू एकमेकांना जुळून नळी तयार होते आणि या नळीतून कुक्षीवृंत बाहेर येऊन त्याच्या टोकाशी पाच कुक्षी दिसतात. ही रचना स्पष्ट व मोठी असल्याने शालेय अभ्यासक्रमात फुलाच्या भागांचा परिचय बहुधा जास्वंदीवरूनच करून दिला जातो. दुहेरी किंवा ‘गेंदेदार’ जातींत काही पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांसारख्या भागांत झालेले असते.

बहुतेक जातींचे फूल एक दिवस टिकते. बागेतील जास्वंदीला बी क्वचितच धरते, त्यामुळे तिची वाढ मुख्यतः कलमांनीच केली जाते. फुलातील मधुरसासाठी शिंजीर पक्षी व फुलपाखरे नियमितपणे येतात.

परिसराची नैसर्गिक पार्श्वभूमी

जुन्नर व आंबेगाव या दोन्ही तालुक्यांची पश्चिम सीमा सह्याद्रीच्या मुख्य रांगेला लागून आहे. नाणेघाट, माळशेज घाट, आहुपे आणि भीमाशंकर हा पश्चिमेकडील पट्टा अतिवृष्टीचा आहे. भीमाशंकर परिसरात वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेकडे जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होतो आणि पुणे–नाशिक महामार्गाच्या पूर्वेस असलेल्या गावांत तो ७०० मिलिमीटरच्या आत येतो. जुन्नर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर असून हिवाळ्यात येथील किमान तापमान १० अंश सेल्सियसच्या खाली उतरते.

घाटमाथ्यावरील जमीन तांबडी, जांभ्या प्रकारची व आम्लधर्मी आहे. पूर्वेकडील नदीखोऱ्यांत मध्यम ते भारी काळी जमीन असून तिच्यात अनेक ठिकाणी चुनखडीचे प्रमाण जास्त असते. कुकडी प्रकल्पातील माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांमुळे या पूर्व भागाचा मोठा हिस्सा बागायती झाला. त्यामुळे नारायणगाव, ओतूर, मंचर आदी गावांच्या परिसरात घराभोवती बारमाही फुलझाडे लावणे शक्य झाले.

उद्यानविद्येच्या दृष्टीनेही या भागाला जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे सरकारी वनस्पती उद्यान होते आणि तेथे औषधी वनस्पतींची लागवड केली जात असे. पुण्याजवळील दापोडीच्या उद्यानाचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे त्याची देखरेख होती. गिब्सन पुढे मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. एन. ए. डॅल्झेल यांच्यासह त्यांनी लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ १८६१ मध्ये प्रसिद्ध झाला. सध्या नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र हे या भागातील शेतकऱ्यांसाठी मार्गदर्शनाचे प्रमुख ठिकाण आहे.

प्रकार

परिसरात लावल्या जाणाऱ्या जास्वंदींचे स्थूलमानाने पुढील गट पडतात.

देशी तांबडी जास्वंद: पाच पाकळ्यांची, मध्यम आकाराची, गडद तांबडी फुले. ही सर्वांत काटक असून पूजेसाठी तिलाच मागणी असते. कुंपणासाठीही ती योग्य ठरते.

दुहेरी जास्वंद: तांबड्या, गुलाबी, केशरी किंवा पिवळ्या रंगांची भरगच्च फुले. सततच्या पावसात फुलांत पाणी साचून ती कुजतात, त्यामुळे घाटमाथ्यापेक्षा पूर्व भागात ती चांगली येते.

पांढरी जास्वंद: पूजेसाठी व घरगुती औषधांसाठी लावतात. वाढ तुलनेने सावकाश असते.

संकरित जास्वंद: मोठ्या, बहुरंगी फुलांच्या जाती. त्यांची मुळे बहुधा नाजूक असतात, म्हणून रोपवाटिकांत त्या काटक जास्वंदीच्या खुंटावर कलम करून वाढवतात. अशा रोपाच्या कलमाच्या जोडाखालून येणारी फूट वेळीच काढावी लागते, अन्यथा खुंट जोर धरतो आणि वरचे कलम मागे पडते.

झुंबरासारखी लटकती, चिरलेल्या पाकळ्यांची जास्वंद ही हिबिस्कस शायझोपेटॅलस नावाची वेगळी जाती असून ती मूळची पूर्व आफ्रिकेतील आहे. ‘मिरची जास्वंद’ या नावाने ओळखले जाणारे, पाकळ्या न उघडणारे फूल मालव्हाविस्कस या वेगळ्या प्रजातीचे आहे. सरबत व चटणीसाठी वापरली जाणारी लाल अंबाडी ही हिबिस्कस सबडॅरिफा होय. तिच्या फळाभोवतीचे मांसल संदल ‘हिबिस्कस चहा’ म्हणून विकले जाते. ते जास्वंदीचे फूल नव्हे.

अभिवृद्धी

जास्वंदीची रोपे फाटे कलमाने सहज तयार होतात. त्यासाठी रोगमुक्त झुडपाची पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धपक्व फांदी निवडून तिचे १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार डोळे असावेत. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका घेतात. वरची एक-दोन पाने ठेवून बाकीची काढून टाकतात. वाळू आणि नारळाचा भुसा यांच्या मिश्रणात तुकड्याचा खालचा एक-तृतीयांश भाग पुरून ती सावलीत ठेवतात. मूलवर्धक संजीवकाची भुकटी लावल्यास मुळे लवकर फुटतात. साधारणतः चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात.

पूर्व भागात जून ते ऑगस्ट हा फाटे कलमांचा उत्तम काळ आहे. पश्चिम पट्ट्यात मात्र जुलैच्या संततधारेत काड्या कुजतात. तेथे छपराखाली, किंवा पाऊस ओसरल्यावर सप्टेंबरमध्ये कलमे करणे हितकारक असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दोन्हीकडे मुळे फुटण्यास विलंब होतो. ज्या जातींच्या फाट्यांना मुळे लवकर फुटत नाहीत, त्यांसाठी पावसाळ्यात गुटी कलम करतात.

लागवड

जास्वंदीला दिवसातून किमान पाच ते सहा तास ऊन लागते. सावलीत पाने गर्द व मोठी होतात, परंतु फुले कमी येतात. सुट्या झुडपांसाठी दोन रोपांत १.५ ते २ मीटर, तर कुंपणासाठी ६० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवतात. घराच्या भिंतीपासून किमान एक मीटर अंतर ठेवल्यास झुडपाला हवा मिळते आणि भिंतीला ओल येत नाही.

साधारणतः ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो पोयटा माती, चांगले कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड यांनी भरतात. ताजे शेण वापरल्यास त्याच्या उष्णतेने मुळांना इजा होते आणि हुमणीचा उपद्रवही वाढतो. पुढील तपशील मात्र जमिनीनुसार बदलतात.

पश्चिम पट्टा: येथे पाण्याचा निचरा ही मुख्य अडचण असते. खोलगट जागी लावलेल्या झुडपाच्या मुळांभोवती चार महिने पाणी राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. अशा झुडपाची पाने पाणी भरपूर असतानाही मलूल होतात. म्हणून रोप सपाट जमिनीपेक्षा २० ते ३० सेंटिमीटर उंच वरंब्यावर किंवा दगडांच्या ओट्यावर लावतात आणि उताराच्या दिशेने चर काढतात. पावसाने अन्नद्रव्ये वाहून जात असल्याने खताची मात्रा पावसाळ्यानंतर द्यावी लागते.

पूर्व पट्टा: भारी काळ्या जमिनीत खड्ड्याच्या तळाशी मुरूम किंवा वाळू मिसळून माती मोकळी करतात. मुरमाड जमिनीत उलट शेणखताचे प्रमाण वाढवतात. नव्या रोपाभोवती उसाच्या पाचटाचे आच्छादन केल्यास उन्हाळ्यात ओल टिकते. पाचट खोडाला चिकटून ठेवू नये, कारण तेथे ओलाव्यामुळे बुरशी वाढते आणि वाळवीला आसरा मिळतो.

लोहाची कमतरता

पूर्व भागातील बागांत जास्वंदीची सर्वाधिक दिसणारी तक्रार म्हणजे पाने पिवळी पडणे. तिची कारणे वेगवेगळी असतात आणि ती पानांच्या स्थानावरून ओळखता येतात. खालची जुनी पाने एकसारखी पिवळी होऊन गळत असतील तर नत्राची कमतरता, अतिपाणी किंवा पाण्याचा ताण यांचा संभव असतो. शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या राहत असतील तर ती लोहाची कमतरता समजावी. ऊस उत्पादक ज्याला ‘केवडा’ म्हणतात, त्याच प्रकारचे हे लक्षण आहे.

चुनखडीयुक्त जमिनीत लोह असते, परंतु जमिनीचा सामू जास्त असल्याने ते मुळांना घेता येईल अशा विद्राव्य रूपात राहत नाही. विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने ही स्थिती आणखी बिघडते. कुंडीतील मातीवर पांढरा थर दिसणे ही त्याची खूण होय. अशा जमिनीत हिराकस (फेरस सल्फेट) नुसतेच टाकल्यास तेही लवकर निरुपयोगी होते. म्हणून ते शेणखतात मिसळून काही दिवस मुरवून देतात, किंवा एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम या प्रमाणात त्याची पानांवर फवारणी करतात. जुनाट कमतरतेत चिलेटेड लोह अधिक परिणामकारक ठरते. स्फुरदयुक्त खतांचा अतिरेकही लोहाच्या उपलब्धतेस मारक असतो, त्यामुळे फुले वाढावीत या हेतूने अशी खते वारंवार घालणे टाळावे. पावसाचे साठवलेले पाणी कुंडीतील जास्वंदीसाठी सर्वांत चांगले असते.

पाणी आणि खते

पहिल्या वर्षी उन्हाळ्यात जमिनीतील रोपाला दोन ते तीन दिवसांनी पाणी द्यावे लागते. रुजलेले झुडूप आठवड्यातून एक-दोन खोल पाण्यांवर तग धरते. ठिबक संच असल्यास तोट्या खोडापासून थोड्या अंतरावर ठेवतात, म्हणजे मुळे बाहेरच्या बाजूस पसरतात. कुंडीतील झुडपाला उन्हाळ्यात रोज, तर हिवाळ्यात माती वरून सुकल्यावर पाणी पुरेसे होते. पाण्याच्या पाळ्यांत मोठा चढउतार झाल्यास कळ्या गळतात.

जास्वंद वर्षभर फुलत असल्याने तिला एकदम मोठी मात्रा देण्यापेक्षा थोडे-थोडे खत विभागून देणे योग्य असते. फेब्रुवारीअखेर, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये शेणखत किंवा गांडूळ खत देऊन त्यासोबत पालाशाचा पुरवठा केल्यास फुलांचा रंग व संख्या सुधारते. नत्राचा अतिरेक झाल्यास पालवी लुसलुशीत होते आणि मावा व पिठ्या ढेकूण अशा रसशोषक किडींना आमंत्रण मिळते.

छाटणी

जास्वंदीची फुले नव्या फुटीवर येतात. त्यामुळे छाटणी न केलेले झुडूप उंच वाढते, खालून उघडे पडते आणि फुले फक्त शेंड्यांना येतात. थंडी ओसरल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी, मुख्य छाटणी करतात. तीत वाळलेल्या, आत वळलेल्या व एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढून उरलेल्या फांद्या साधारणतः एक-तृतीयांशाने कमी करतात. कडक थंडीत छाटणी केल्यास नवी फूट रखडते.

छाटणीनंतर नव्या फुटीवर कळ्या येण्यास साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. भाद्रपदातील गणेशोत्सवासाठी भरपूर फुले हवी असल्यास मेअखेर किंवा जूनच्या प्रारंभी हलकी छाटणी करतात. सर्व झुडपे एकाच दिवशी न छाटता दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने छाटल्यास पूजेसाठी फुलांचा पुरवठा अखंड राहतो.

किडी आणि शेजारची पिके

जास्वंदीवर मावा, पांढरी माशी, लाल कोळी आणि पिठ्या ढेकूण या किडी आढळतात. यांपैकी पिठ्या ढेकूण ही जुन्नर-आंबेगावच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची कीड आहे.

गुलाबी पिठ्या ढेकूण (मॅकोनेलिकॉकस हिर्सुटस) ही कीड जास्वंदीचा रस शोषते. तिच्या लाळेच्या परिणामाने शेंडे आखूड, वाकडे आणि गुच्छासारखे होतात. कळ्या उघडत नाहीत. किडीच्या अंगातून स्रवणाऱ्या चिकट द्रवावर काळी बुरशी वाढते आणि त्या गोड द्रवासाठी येणारे मुंगळे किडीचे तिच्या नैसर्गिक शत्रूंपासून रक्षण करतात. हीच कीड महाराष्ट्रातील द्राक्षबागांची प्रमुख कीड आहे. द्राक्षवेलीवर ती खोडाच्या सालीखाली दडून राहते आणि घड पक्व होण्याच्या सुमारास मण्यांवर येते. चिकट व काळवंडलेल्या घडांना बाजारात किंमत मिळत नाही, आणि काढणीच्या तोंडावर रासायनिक फवारणी केल्यास फळांत कीटकनाशकाचा अंश राहण्याचा धोका असतो. नारायणगाव व जुन्नर परिसरात द्राक्षबाग आणि घराची बाग यांत अनेकदा केवळ एका बांधाचे अंतर असते. बागेत फवारणी चालू असतानाही बांधावरची जास्वंद दुर्लक्षित राहिली, तर किडीला वर्षभर आश्रयस्थान मिळते. हिरवी पाने बारमाही राहणे हा या झुडपाचा गुण येथे दोष ठरतो.

ही कीड किती वेगाने पसरू शकते, याचे उदाहरण कॅरिबियन बेटांवर दिसून आले. १९९४ मध्ये ग्रेनाडा बेटावर तिचा प्रादुर्भाव आढळला आणि तेथून ती अन्य बेटांवर पोहोचली. जास्वंदीच्या कुंपणांसह अनेक फळझाडांचे व पिकांचे नुकसान झाले. अखेरीस क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझिएरी हा भक्षक भुंगेरा आणि अनागायरस कमाली ही परोपजीवी गांधीलमाशी यांच्या साहाय्याने तिच्यावर जैविक नियंत्रण मिळवण्यात आले. क्रिप्टोलिमस भुंगेरे भारतातही द्राक्षबागांत सोडले जातात. या भुंगेऱ्याच्या अळीच्या अंगावरही पांढरे मेणचट धागे असतात, त्यामुळे ती पिठ्या ढेकूण समजून मारली जाण्याची शक्यता असते. अळी आकाराने मोठी असते व चपळतेने फिरते, तर पिठ्या ढेकूण जवळजवळ स्थिर असतात.

पांढरी माशी (बेमिसिया टॅबासी) जास्वंदीप्रमाणेच टोमॅटोवरही जगते आणि टोमॅटोतील पर्णगुच्छ विषाणूचा प्रसार करते. नारायणगाव ही टोमॅटोची मोठी बाजारपेठ असून परिसरात या पिकाचे क्षेत्र मोठे आहे. टोमॅटोच्या रोपवाटिकेलगत पांढरी माशी असलेली जास्वंद ठेवणे त्यामुळे जोखमीचे असते.

नियंत्रणाचे उपाय पुढीलप्रमाणे आहेत.

• आठवड्यातून एकदा शेंडे व पानांची खालची बाजू तपासावी.
• आखडलेले शेंडे कापून लगेच पिशवीत बंद करावेत व जाळून नष्ट करावेत. ते बांधावर किंवा उकिरड्यावर टाकू नयेत.
• खोडाजवळील मुंग्यांची वारुळे दूर करावीत.
• प्रारंभीच्या प्रादुर्भावात पाण्याचा जोरदार फवारा, सौम्य साबणाचे द्रावण किंवा ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. फवारणी सायंकाळी करावी.
• ऑक्टोबरमधील द्राक्षाच्या फळछाटणीपूर्वी बांधावरील जास्वंदीची तपासणी पूर्ण करावी.
• नवीन रोप आणल्यास ते दोन ते तीन आठवडे वेगळे ठेवून मगच बागेत लावावे.
• प्रादुर्भाव पुन्हा पुन्हा होत असल्यास द्राक्षबागेलगतची जास्वंद काढून दुसरे झाड लावावे.

आंतरप्रवाही कीटकनाशके झाडाच्या रसात भिनतात आणि मधुरसातून मधमाश्यांपर्यंत पोहोचू शकतात. अशा झाडाची फुले खाण्यासाठी किंवा केसांच्या तेलासाठी वापरू नयेत.

कुंपण आणि बिबट्याचा वावर

जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके जुन्नर वनविभागात येतात. धरणांच्या पाण्यावर उसाचे क्षेत्र वाढल्यानंतर उसात बिबट्यांचे वास्तव्य वाढले आणि माणूस व बिबट्या यांच्यातील संघर्ष या भागाचा गंभीर प्रश्न बनला. माणिकडोह येथे बिबट निवारा केंद्र आहे. घराभोवतीची दाट झुडपे काढून परिसर मोकळा ठेवणे, अंगणात उजेड ठेवणे आणि जनावरे बंदिस्त गोठ्यात बांधणे या खबरदारीच्या उपायांवर वनविभाग भर देतो.

या पार्श्वभूमीवर जास्वंदीचे उंच व दाट कुंपण घराच्या किंवा गोठ्याच्या अगदी लगत लावणे योग्य नाही. न छाटलेली जास्वंद दोन-तीन वर्षांत माणसाच्या उंचीच्या वर जाते आणि तिच्यामागे काय आहे हे दिसत नाही. वस्तीवरील घरांसाठी सुटी, खोडाजवळून मोकळी केलेली झुडपे अधिक सुरक्षित ठरतात. जमिनीलगतच्या फांद्या सुमारे अर्ध्या मीटरपर्यंत काढल्यास झुडपाखालून पलीकडचे दिसते. कुंपणच हवे असल्यास ते एक मीटरच्या आत छाटून ठेवतात. पहाटे अंधारात पूजेसाठी फुले तोडण्यास जाताना उजेड सोबत असणे आवश्यक आहे. मुलांना या वेळी एकटे पाठवू नये.

उपयोग आणि सांस्कृतिक महत्त्व

गणपतीच्या पूजेत दूर्वांबरोबर तांबडे फूल वाहण्याची प्रथा आहे आणि जास्वंद हे त्यातील सर्वाधिक वापरले जाणारे फूल होय. लेण्याद्री येथील मंदिर बौद्ध लेणीसमूहातील एका लेण्यात आहे, तर ओझरचे मंदिर कुकडी नदीच्या काठी आहे. संकष्टी चतुर्थी, विशेषतः अंगारकी, तसेच माघ व भाद्रपद महिन्यांतील उत्सवांत दोन्ही ठिकाणी भाविकांची गर्दी होते आणि फुलांची मागणी वाढते. जास्वंदीचे फूल एका दिवसात मिटत असल्याने ते दूरच्या बाजारातून आणणे सोयीचे नसते. त्यामुळे घरच्या आणि जवळच्या बागेतील फुलांना महत्त्व राहते. बंगालमध्ये तांबडी जास्वंद कालीपूजेत वाहिली जाते. मलेशियाने १९६० मध्ये तिला ‘बुंगा राया’ या नावाने राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले.

फुले व पाने तेलात उकळून केसांसाठी वापरण्याची प्रथा घरोघरी आहे. आयुर्वेदातही या फुलाचे उपयोग सांगितले आहेत. गर्भवती स्त्रियांनी जास्वंदीचे औषध वैद्यकीय सल्ल्याशिवाय पोटात घेऊ नये.

शालेय प्रयोगांत जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात ठेवून मिळणारा रंगीत अर्क नैसर्गिक दर्शक म्हणून वापरतात. आम्लात तो गडद गुलाबी, तर आम्लारीत हिरवा होतो. पाकळ्यांतील अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे हा बदल घडतो.

हंगामी कामांचे वेळापत्रक

जानेवारी: थंडीमुळे वाढ मंद असते. पाणी कमी करावे, छाटणी टाळावी.

फेब्रुवारी–मार्च: थंडी ओसरल्यावर मुख्य छाटणी, शेणखत व पालाश. कुंड्यांतील माती बदलणे.

एप्रिल–मे: आच्छादन, नियमित पाणी, लाल कोळीसाठी पाहणी. मेअखेर गणेशोत्सवासाठी हलकी छाटणी.

जून–ऑगस्ट: पूर्व भागात लागवड व फाटे कलमे. पश्चिम पट्ट्यात चर मोकळे ठेवणे आणि छपराखाली कलमे. जूनमध्ये खताची मात्रा, मात्र पश्चिम पट्ट्यात ती पावसाळ्यानंतर.

सप्टेंबर: पिठ्या ढेकणाची कसून तपासणी. पश्चिम पट्ट्यात पाऊस ओसरल्यावर लागवड व कलमे.

ऑक्टोबर–नोव्हेंबर: पावसाळ्यानंतरचे खत, लोहाची कमतरता दिसल्यास फवारणी, कुंपणाची उंची कमी करणे.

डिसेंबर: द्राक्षबागेलगतच्या झुडपांची पुन्हा तपासणी आणि आखडलेले शेंडे काढून नष्ट करणे.